यीस्टची पोथी आणि तिची पाठशुद्धि

अहमदनगर जिल्ह्यास आतां अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे. त्या जिल्ह्यांतील नेवासें तालुक्याच्या दोन गोष्टींची कीर्ति महाराष्ट्राबाहेरही गेलेली आहे. पहिली प्रवराकांठच्या नेवाशाची. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, येथें श्रीज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. दुसरी शनिशिंगणापूरची. तेथें शनिदेवाची सुमारें साडेपांच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर, माथ्यावर छप्पर नसतां, उभी आहे. आणि गांवांतील घरांना परंपरेनें चौकटी असतात, पण कवाडें नसतात. कुत्रीं-मांजरें आंत शिरूं नयेत म्हणून कोणी पडदा सोडतो, कोणी फळी आडवी लावतो. कडीकोयंड्याची चाल नाहीं.

पहिली गोष्ट ग्रंथाची आहे, दुसरी दाराची. या दोहोंची आठवण ठेवून ज्या एका अर्वाचीन कोशाचा इतिहास पाहावयाचा, तो सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत, सांभाळला जातो. यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवाच्या सर्व जनुकांची नोंद त्यांत आहे. तो कागदावर छापलेला नाहीं. संगणकांत सांठविलेला आहे, आणि आंतरजालावरून कोणाही माणसाला शुल्क न देतां उघडून वाचतां येतो. ग्रंथ शुद्ध कसा राखावा आणि दार उघडें कसें ठेवावें, हे दोन्ही प्रश्न त्या कोशाच्या पालकांपुढें तीस वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.

ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या काळीं आपल्याकडे छापखाना नव्हता. प्रतीवरून प्रत होत गेली. कोणा लेखकानें कठीण शब्दाच्या जागीं सोपा घातला, कोणाची ओळ नजरचुकीनें गळली, तर कोणा भाविकानें उत्साहाच्या भरांत स्वतःची ओवीही आंत बसविली. सुमारें तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं प्रती मिळवून, त्या परस्परांशीं ताडून पाहून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढें कोणीं त्यांत आपली ओवी मिसळूं नये असें बजाविलें. एकनाथांच्या भागवताचें व भारुडांचें जितकें कौतुक होतें, तितकें या कामाचें होत नाहीं. पाठ शुद्ध करणाराकडे वाचकाचें लक्ष जाऊं नये, हा या कामाचा जणुं स्वभावच आहे. यीस्टच्या कोशाची कथाही पुष्कळशी अशाच, फारशीं नांवें न गाजलेल्या, संपादकांची आहे.

यीस्ट हा जीव नेवासेकरांना अपरिचित नाहीं. मात्र त्याची ओळख त्याच्या करणीवरून आहे, रूपावरून नाहीं. हा सारा मुलूख आज उंसाचा आहे. याच जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें, १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभारला. पुढें शिंगणापूरच्या शेजारचें सोनई धरून जागोजाग कारखाने निघाले. रस आटवून साखर काढली कीं मागें काळपट, दाट मळी उरते. तींत साखरेचा अंश असतो, पण तो दाण्याच्या रूपानें काढणें परवडत नाहीं. म्हणून आसवनींत ती मळी पाण्यानें पातळ करून तींत यीस्ट सोडतात. हा जीव साखर खातो आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर टाकतो. त्या मद्यार्काचा कांहीं भाग आतां पेट्रोलांत मिसळला जातो. पाव फुगतो तोही याच वायूमुळें. गोव्याचे पोदेर पूर्वीं पिठांत माडाची सूर घालीत. त्या सुरेंतील यीस्टच पीठ फुगवीत असे.

किण्वन हें जिवंत पेशींचें कार्य आहे, हें १८५७ नंतरच्या कांहीं वर्षांत लुई पाश्चर यांनीं दाखवून दिलें. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल क्रिश्चियन हान्सेन यांनीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट तयार केलें. त्यापूर्वीं बिअरचा एखादा घाणा एकाएकीं नासे आणि त्याचें कारण कोणास उमगत नसे. शुद्ध यीस्टनें ती आपत्ति टळली. येवढा मोठा शोध हातीं असतां कार्ल्सबर्गच्या मालकांनीं तो कोंडून ठेवला नाहीं, प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही तें यीस्ट देऊं केलें. धंद्याच्या इतिहासांत अशीं उदाहरणें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच सांपडतील.

ज्या वाणावर पुढें सारा कोश रचला गेला, त्याचें मूळ मात्र अगदीं क्षुल्लक ठिकाणीं आहे. १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील मर्सेड येथें एमिल म्राक यांना एका कुजक्या अंजिरावर यीस्टचा एक वाण मिळाला. पुरंदरच्या बागाइतदारास कुजकें अंजीर म्हणजे निव्वळ नुकसान. येथें त्यांतून एक शास्त्र उभें राहिलें. त्या वाणास ई. एम. ९३ असा क्रमांक पडला. पुढें रॉबर्ट मॉर्टिमर यांनीं संकर करीत करीत एस २८८ सी नांवाचा वाण सिद्ध केला. मॉर्टिमर व जॉन्स्टन यांनीं १९८६ सालीं वंशावळ जुळवून असें दाखविलें, कीं या वाणाचें सुमारें ८८ टक्के जनुकद्रव्य त्या अंजिरावरील पूर्वजाकडून आलेलें आहे. कोणतें जनुक कोणत्या गुणसूत्रावर कोठें बसतें, याचे नकाशेही मॉर्टिमर व त्यांचे सहकारी वर्षानुवर्षें छापीत असत. १९९२ सालीं त्या नकाशाची ११वी आवृत्ति निघाली. नवें जनुक सांपडलें कीं जुना नकाशा अपुरा ठरावयाचा, आणि पुढची आवृत्ति निघेपर्यंत संशोधकानें समासांत आपल्या हातानें टिपण करावयाचें, अशी तेव्हांची रीत होती.

इतक्यांत मूळ पोथीच वाचण्याचा उद्योग सुरू झाला होता. प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नामक द्रव्याचे लांब धागे असतात, आणि त्यांवर चार रासायनिक अक्षरांत त्या जीवाचा सारा लेख लिहिलेला असतो. बेल्जममधील आंद्रे गोफो यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं युरोपांतील अनेक प्रयोगशाळांनीं हा लेख वांटून घेऊन वाचावयास घेतला. १९९२ सालीं तिसऱ्या गुणसूत्राचें वाचन प्रसिद्ध झालें. सुमारें ३ लक्ष १५ हजार अक्षरें, ३५ प्रयोगशाळा आणि निबंधावर १४७ लेखकांचीं नांवें! कोणाही जीवाचें एक संपूर्ण गुणसूत्र वाचलें गेल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. पुढें अमेरिका, कॅनडा व जपान येथील मंडळीही सामील झाली, आणि एप्रिल १९९६ मध्यें १६ गुणसूत्रांचा, सुमारें १ कोटी २० लक्ष अक्षरांचा लेख पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. वनस्पति, प्राणी व मनुष्य ज्या वर्गांत मोडतात त्या, केंद्रकयुक्त पेशींच्या, वर्गांतील संपूर्ण वाचला गेलेला हा पहिला जीव. सुमारें ६०० शास्त्रज्ञांचे हात या कामास लागले होते.

हा सर्व संभार ठेवावयाचा कोठें? स्टॅनफर्ड येथें डेव्हिड बॉटस्टीन, मायकेल चेरी आदि मंडळींनीं त्याकरितां आधींच घर बांधून ठेविलें होतें. १९९४ च्या सुमारास त्यांचा यीस्ट-जनुककोश आंतरजालावर खुला झाला. त्यांत केवळ अक्षरांची मालिका नव्हती. प्रत्येक जनुकास स्वतंत्र पान, त्या पानावर त्याचें कार्य, आणि प्रत्येक विधानापुढें तें कोणीं, कोणत्या निबंधांत, कोणत्या प्रकारच्या पुराव्यावरून केलें याचा निर्देश. प्रयोगानें सिद्ध झालेली गोष्ट आणि साम्यावरून बांधलेला तर्क यांस निरनिराळ्या खुणा केलेल्या असतात. हें शेवटचें वैशिष्ट्य दिसावयास लहान, पण कोशाचा खरा प्राण त्यांत आहे. एखाद्या ग्रंथास दुसऱ्या ग्रंथाचा हवाला द्यावा, त्यास तिसऱ्याचा, आणि अखेरीस मूळ कोणीं पाहिलें याचाच पत्ता लागूं नये, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांना नवीन नाहीं.

जनुकांच्या नांवांची पद्धतिही पाहण्याजोगी आहे. ‘वाय-ए-एल-००१-सी’ हें नांव घेतलें तर ‘वाय’ म्हणजे यीस्ट, ‘ए’ म्हणजे पहिलें गुणसूत्र, ‘एल’ म्हणजे त्याची डावी भुजा, ००१ म्हणजे मध्यबिंदूपासून मोजतां पहिलें स्थान, आणि शेवटचें अक्षर डी. एन. ए.च्या दोन धाग्यांपैकीं एकाचें. पेठ, गल्ली, घरक्रमांक व जिना सांगणारा हा पत्ताच होय. तेथें राहणाऱ्याचा धंदा कोणता, हें मागाहून शोधावयाचें.

येथून पुढें पाठशुद्धीचा खरा इतिहास सुरू होतो. १९९६ सालीं जनुकें मोजतांना संगणकास एक ठोकळ नियम दिलेला होता: मध्यें विरामचिन्ह न येतां किमान १०० शब्दांचें वाक्य ज्या जागीं बनूं शकतें, ती जागा जनुकाची समजावी. या नियमानें संख्या ६,००० च्या आसपास आली. परंतु अक्षरें कशींही उधळलीं तरी क्वचित् कोठें लांब वाक्य योगायोगानें तयार व्हावयाचेंच. खरें जनुक आणि योगायोग यांत भेद कसा करावा? २००३ सालीं मॅनोलिस केलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यीस्टच्या तीन भाऊबंद जातींचे लेख वाचून ते मूळ लेखाशेजारीं मांडले. जें वाक्य खरोखर उपयोगाचें आहे, तें लक्षावधि वर्षांच्या नकलेंतही चारही घराण्यांत शाबूत राहतें. जें योगायोगाचें आहे, तें कोठें ना कोठें मोडलेलें आढळतें. ही युक्ति नेवाशाच्या ग्रंथाच्या संशोधकांस निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. प्रतींची तुलना करून प्रक्षेप ओळखावयाचा, तीच ही रीत. सुमारें ५०० नोंदी जनुकें नसाव्यात, असा त्या तुलनेचा निष्कर्ष निघाला. उलट पूर्वीं नजरेंतून सुटलेलीं कांहीं लहान जनुकेंही हातीं लागलीं.

स्टॅनफर्डच्या संपादकांनीं मात्र त्या शंकित नोंदी पुसून टाकल्या नाहींत. त्यांनीं सर्व नोंदींचे तीन वर्ग केले: सिद्ध, अनिश्चित आणि संशयित. संशयित नोंदींवर तसा शेरा मारून त्या जागच्या जागीं ठेविल्या. एकनाथांना धर्मग्रंथाची एकच शुद्ध वाणी लोकांपुढें ठेवावयाची होती, म्हणून त्यांनीं प्रक्षेप वगळला. शास्त्राच्या कोशास उद्यांच्या शंकेकरितांही जागा राखावी लागते. ही सावधगिरी वाया गेली नाहीं, कारण एकदां संशयित ठरलेल्या नोंदींपैकीं कांहीं पुढें नव्या पुराव्यानें वरच्या वर्गांत गेल्या आहेत.

दुसरी मोठी शुद्धि २०११ सालची. मूळ वाचन अनेक देशांतील अनेक हातांनीं, तुकड्यातुकड्यांनीं, निरनिराळ्या वेळीं केलेलें होतें. नव्या यंत्रांनीं हेंच काम फार थोड्या वेळांत होऊं लागलें, तेव्हां एकाच पेशीच्या वंशांतून घेतलेल्या नमुन्याचें संपूर्ण वाचन पुन्हा करण्यांत आलें, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें लेखाची ६४वी आवृत्ति प्रसिद्ध झाली. फरक येवढ्या मोठ्या लेखाच्या मानानें थोडेच निघाले. जुन्या वाचकांची ही मोठीच प्रशस्ति म्हणावी लागेल. पण जेथें एक अक्षर गळालेलें होतें, तेथें पुढचा सारा अर्थ बदलत होता, आणि दोन जनुकें म्हणून नोंदलेलीं कांहीं ठिकाणें एकच जनुक निघालीं. मागल्या आवृत्त्याही कोशांत जपून ठेविलेल्या आहेत, कारण १९९९ सालच्या निबंधांतील आंकडा पडताळून पाहावयाचा तर १९९९ सालचाच पाठ समोर हवा. त्यानंतर अक्षरांचा पाठ तोच ठेवून टिपणांच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत आल्या आहेत.

मध्यंतरीं घरांत नवीं दालनेंही झालीं. यीस्ट, फळमाशी व उंदीर यांच्या कोशकारांनीं १९९८ सालीं एकत्र येऊन जनुकांच्या कार्यांचा एक सामाईक शब्दकोश आरंभिला, त्यामुळें एका जीवाविषयीं मिळालेलें ज्ञान दुसऱ्याच्या पानावर ताडून पाहतां येऊं लागलें. २०१२ च्या सुमारास ‘यीस्टमाइन’ नांवाचें शोधदालन आलें, ज्यांत हजारों जनुकांविषयीं एकाच वेळीं प्रश्न विचारतां येत. पुढें प्रथिनांच्या समूहांचीं पानें आलीं, आणि मनुष्याच्या रोगांशीं संबंध असलेल्या जनुकांचीं यीस्टमधील भावंडें दाखविणारीं पानेंही आलीं. हें शेवटचें दालन केवळ कुतूहलाचें नव्हे. यीस्टला अत्यावश्यक असलेलीं चारशेंहून अधिक जनुकें एकेक करून काढून त्यांच्या जागीं मनुष्याचें तत्सम जनुक घालण्याचा प्रयोग टेक्सास विद्यापीठांत झाला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाप्रमाणें जवळजवळ निम्म्या वेळीं यीस्ट मनुष्याच्या जनुकावर जगूं शकलें.

२०१८ सालीं जगभरांतून गोळा केलेल्या १,०११ वाणांचे लेख एकदम प्रसिद्ध झाले, आणि अंजिरावरचा एक वाण म्हणजे सारें यीस्ट नव्हे हें उघड झालें. मळीच्या टाकींत टिकणारा वाण, द्राक्षांवरचा वाण, पावाचा वाण, प्रत्येकाच्या लेखांत कांहीं पानें अधिक, कांहीं कमी. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; तेथें असे वाण क्रमांक घालून जिवंत जपले जातात. कोश व संग्रह हीं दोन्हीं एकमेकांवांचून लुळीं आहेत.

आतां दाराचा प्रश्न. यीस्टचा कोश एकटा स्टॅनफर्डनेंच केला असें नाहीं. जेम्स गॅरेल्स यांच्या प्रोटिओम नामक कंपनीनेंही यीस्टच्या प्रथिनांचा एक कोश मोठ्या कसोशीनें तयार केला होता, आणि आरंभीं विद्यापीठांतील संशोधकांस तो विनामूल्य पाहतां येई. २००० सालीं इन्साइट या दुसऱ्या कंपनीनें प्रोटिओम विकत घेतली, आणि पुढें तो कोश वर्गणीदारांपुरताच राहिला. ज्यांनीं आपल्या निबंधांतून त्याला माहिती पुरविली होती, त्यांनाच आंत शिरण्यास पैसे मोजणें भाग पडलें. मोहरीच्या कुळांतील आराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या कोशाचें सरकारी अनुदान आटलें, तेव्हां २०१३-१४ च्या सुमारास त्यालाही वर्गणीचा मार्ग धरावा लागला. २०१६ सालीं यीस्ट, माशी, उंदीर इत्यादींच्या कोशांचें अनुदान कमी करून त्यांना एकत्र आणण्याची योजना अमेरिकेच्या संस्थेनें मांडली, तेव्हां हजारों शास्त्रज्ञांनीं निषेधपत्रावर सह्या केल्या. एकत्रीकरण झालें, काटकसरीची टांगती तलवार राहिली. २०२५ सालीं फळमाशीच्या कोशाचें हार्वर्डमार्फत येणारें अनुदान बंद झालें आणि तेथील कांहीं संपादकांस काम सोडावें लागलें. नवें यंत्र घेण्यास दाते पुढें येतात. रोज निबंध वाचून चार ओळींचें टिपण करणाऱ्या माणसाच्या पगाराला मात्र कोणी सहसा उत्सुक नसतो.

शिंगणापुरांतही दार नसणें फुकटांत पडलेलें नाहीं. गांवाचा विश्वास शनिदेवाच्या पहाऱ्यावर आहे. परंतु २०१० सालीं एका यात्रेकरूच्या वाहनांतून ऐवज गेल्याची तक्रार झाली, आणि २०१५ सालीं तेथें पोलीस ठाणें उघडलें. मधल्या काळांत, २०११ सालीं, युको बँकेनें कुलूप नसलेली म्हणून गाजलेली आपली शाखा त्याच गांवांत काढली. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. घरांना दारें नसलेल्या या गांवांत देवाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मात्र मज्जाव होता. आंदोलन व उच्च न्यायालयाचा निर्णय यांनंतर ८ एप्रिल २०१६ रोजीं तो उठला. कवाड नसलें म्हणजे प्रवेश सर्वांना मिळतोच असें नाहीं. यीस्टचा कोश उघडा आहे, पण तो इंग्रजींत आहे व तज्ज्ञांच्या परिभाषेंत आहे. सोनईच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला तो उघडतां येतो. वाचतां येण्यासाठीं त्याला शिक्षकाची, परिभाषेची व धीराची जोड लागते, आणि ती जोड स्टॅनफर्डहून येणार नाहीं.

कोशांत आज सुमारें ६,६०० नोंदी आहेत. त्यांपैकीं कित्येक शें जनुकांच्या पानावर कार्याच्या रकान्यांत ‘अज्ञात’ येवढाच शब्द आहे. एखाद्या जनुकाचें कार्य सांपडल्यावर त्याला तीन अक्षरांचें व एका आंकड्याचें नांव देण्याचा मान शोधणाराचा. परंतु त्यानें तें आधीं कोशाकडे राखून ठेवावयाचें, दुसऱ्या कोणाचें तेंच नांव नाहीं ना हें संपादकांनीं पाहावयाचें, आणि निबंध प्रसिद्ध झाल्यावरच तें कायम व्हावयाचें. तोंवर तें जनुक आपल्या गुणसूत्रावरील पत्त्यानेंच ओळखलें जातें.